काडतूस

दीक्षा डेंग्यूने गेली, असं आम्ही सगळ्यांना सांगतो. क्वार्टर्समध्ये तेच सांगितलं, नातेवाइकांना तेच, तिच्या कॉलेजातही तेच. सौरभ, म्हणजे तिचा भाऊ आणि माझा नवरा, ऑफिसात अजूनही तेच सांगतो. २००४चा सप्टेंबर होता, खडकीत डासांना काही तोटा नव्हता, त्यामुळे कोणी खोदून विचारलं नाही. लोक हळहळले, गटारांना शिव्या घालून चहा पिऊन गेले.

या खोट्याचा सगळ्यात जास्त फायदा मला झाला. म्हणून ते मीच मोडते आहे.

मी लग्न होऊन बिबवेवाडीहून खडकीला आले, त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. सासरे रामदास दारूगोळ्याच्या कारखान्यात. काडतुसं भरायच्या विभागात त्यांची अठ्ठावीस वर्षं गेली होती. कारखान्याचंच दोन खोल्यांचं क्वार्टर. मी त्यांना बाबा म्हणते आणि सासूबाईंना आई. आई, म्हणजे नंदा, घरातल्या खऱ्या साहेब. पहिल्याच महिन्यात त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं, "आपल्यात बाजूला बसणं वगैरे काही नाही हं. तसलं सगळं आपल्या माणसांनी छप्पन सालीच सोडलं. पाळी आली तरी खुशाल भाकरी थाप." मला फार बरं वाटलं. माझ्या हिंजवडीच्या ऑफिसातल्या कितीतरी शिकलेल्या मुली घरी गेल्या की चार दिवस वेगळ्या चटईवर झोपायच्या.

आईंचा एकच नियम होता. घराबाहेर जायचं तर दोन पॅड लावायची, एकावर एक. "पॅड टाकून देता येतं, डाग धुतला तरी लोकांच्या लक्षात राहतो," असं त्या म्हणायच्या. मी कंपनीच्या बसला निघाले की दारातून हळूच दोन बोटं दाखवायच्या. दीक्षाला तर शाळेपासून तीच सवय. त्या दोघी मायलेकींमध्ये "दोन ना?" "दोन." एवढंच बोलणं व्हायचं आणि बाबा पेपर वाचत बसायचे.

दीक्षा एकोणीस वर्षांची होती आणि पोहायची. थोडंथोडकं नाही, राज्याच्या संघात घ्यावं इतकं. बाबांनी तिला पाचवीत असताना पाण्यात टाकलं आणि मग ती बाहेर यायलाच तयार होईना. राज्याच्या संघात आली तर खेळाडूंच्या कोट्यातून रेल्वेत नोकरी, असं बाबांनी मनाशी पक्कं धरलं होतं. आदल्या वर्षी निवड चाचणीच्या दिवशीच तिची पाळी होती. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आईंनी आणून दिल्या, तशा त्या आपल्याकडे लग्नकार्याला सगळ्याच बायका घेतात. दीक्षाला त्या सोसल्या नाहीत. ओकाऱ्या काढत ती पाण्यात उतरली आणि शेवटून दुसरी आली. या वर्षी तारीख पुन्हा तशीच आली. चाचणी रविवारी, पाळी शुक्रवारी सुरू झाली, आणि ही पोरगी माझ्या खोलीत येऊन उशीत तोंड खुपसून रडली.

"गोळ्या नाही घेणार, वहिनी. आणि न घेता उतरले तर सगळ्या तलावासमोर शोभा. मी जातच नाही."

माझ्या कपाटात, स्वेटरच्या खाली, टॅम्पॉनचं एक डबडं होतं. मी कंपनीच्या कामासाठी सहा महिने न्यू जर्सीला राहून आले होते. तिथे ऑफिसातल्या एका बाईने गरजेला मला पॅडऐवजी ते दिलं. मी शौचालयात अर्धा तास घालवून, घामाघूम होऊन शिकले. येताना उरलेलं डबडं सोबत आणलं, पण वापरायचं धाडस इथे झालं नाही. सौरभलाही ते कशाचं आहे ते माहीत नव्हतं. मी ते काढून दीक्षाच्या हातात ठेवलं. तेव्हा मला स्वतःचं भारी कौतुक वाटलं. काय ही आधुनिक वहिनी!

शनिवारी सकाळी बाबा पहिल्या शिफ्टला गेले आणि आई बाजारात. दीक्षा न्हाणीघरात, मी दाराबाहेर पाटावर, हातात त्या डबड्यातला घडीचा कागद. इंग्रजी वाचायचं आणि मराठीत सांगायचं, असं ठरलं.

"एक पाय कमोडवर ठेवा."

"आपल्याकडे कमोड कुठंय?"

"बादली पालथी घाल."

बादली खडखडली. "ठेवला. पुढे?"

"आता ते आत सरकवायचं. सरळ वर नाही, तिरपं. कमरेच्या दिशेने."

"आत म्हणजे कुठून?"

इथे माझी गाडी अडली. आपल्या भाषेत त्या जागेला एक तर शिवी आहे, नाहीतर पोथीतला शब्द. दाराबाहेर बसून नणंदेला सांगता येईल असा शब्दच नाही. मी म्हटलं, "अगं, मधल्या."

"मधल्या? किती आहेत?"

"तीन."

दारावर आतून टकटक झाली. मग, "तीन आहेत?"

बारावी सायन्सला ब्याऐंशी टक्के मिळवलेली मुलगी होती ती. तो धडा बाईंनी 'घरी वाचा' म्हणून सोडून दिला होता, माझ्याही आणि तिच्याही शाळेत. मी हसत सुटले, मग ती हसायला लागली, आणि हसता हसता पाय घसरून बादली गडगडली. पहिलं वाया गेलं. दुसऱ्याच्या वेळी ती ओरडली, "वहिनी, हे अगदी काडतूस आहे गं! बाबा दिवसाला हजारो भरतात, आणि मला एक भरता येत नाही!"

ते नाव तेव्हापासून पडलं. काडतूस. अखेर ते बसलं. ती दार उघडून बाहेर आली, स्वयंपाकघरात चार उड्या मारल्या, खाली वाकली, उकिडवी बसली. "काहीच कळत नाहीये! आहे की नाही तेसुद्धा कळत नाही!"

"चार तासांनी दोरी ओढायची. विसरायचं नाही," मी म्हटलं.

कागदाच्या तळाशी बारीक अक्षरांत आणखी दोन परिच्छेद होते. एका वेळी एकच वापरावे. ताप, उलटी, अंगावर पुरळ आल्यास ताबडतोब काढावे आणि डॉक्टरांकडे जावे. मी ते मनातल्या मनात वाचले. आधीच घाबरलेली पोर, तिला आणखी कशाला भिववायचं, असं वाटलं. आणि एका वेळी एकच, हे काय सांगायला हवं? मी कागदाची घडी घातली. मी सॉफ्टवेअरची टेस्टर आहे. वापरणारा माणूस काय काय चुका करेल याचा आधीच विचार करण्याचा मला पगार मिळतो. एकाच बटणावर कोणी दोनदा क्लिक केलं तर काय होईल, हे मी तेव्हा रोज तपासत होते.

रविवारी सकाळी सात वाजता ती निघाली. पाण्यात उतरलं की पाळी आपोआप थांबते, असं तिने आईंना सांगून ठेवलं होतं, आणि आईंचाही त्यावर विश्वास होता. तरी चप्पल घालताना त्यांनी विचारलंच, "पाण्याबाहेर काढायचेत ना तीन-चार तास. दोन ना?"

"दोन," दीक्षा म्हणाली आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. मला वाटलं, आईला गंडवलं म्हणून मारतेय.

ती दुसरी आली. निवड झाली. बाबांनी संध्याकाळी पेढे आणले आणि खालच्या मजल्यापर्यंत स्वतः वाटून आले. गडबडीत मी तिला न्हाणीघराच्या दाराशी गाठून विचारलं, "काढलंस ना?"

"काढलं, काढलं. दोरी ओढली, आलं." ती खोटं बोलली नव्हती.

मंगळवारी तिला ताप भरला. बुधवारी नेहमीच्या डॉक्टरांनी व्हायरल म्हणून गोळ्या दिल्या. गुरुवारी सकाळी ओकाऱ्या, जुलाब आणि छातीवर उन्हाने भाजल्यासारखी लाली. एकशे चार ताप. रिक्षात घालून आम्ही तिला एका नर्सिंग होममध्ये नेलं. रक्तात प्लेटलेट कमी आल्या आणि डॉक्टर म्हणाले, डेंग्यू दिसतोय. पोट दाबलं की ती ओरडत होती, म्हणून बायकांच्या डॉक्टरांनाही बोलावलं. पन्नाशीच्या, नीटनेटक्या, घाईत असलेल्या बाई. त्यांनी पोटावर हात ठेवला आणि आईंना विचारलं, "लग्न झालंय का?"

"नाही हो, शिकतेय अजून. पोहते. परवाच राज्यात निवड झाली."

"पाळी?"

"आत्ताच होऊन गेली."

बाईंनी कागदावर 'अनमॅरिड' लिहून त्याभोवती गोल काढला. संपलं. ज्यांना आपल्याकडच्या दवाखान्यांची सवय आहे त्यांना सांगायला नको की हा प्रश्न लग्नाचा नसतो. पुरुषाशी संबंध आलाय का, हे विचारायला आपल्याकडे तोंड उघडत नाही म्हणून लग्नाचं विचारतात. झालं असेल तर आतून तपासतात. झालं नसेल तर मुलीच्या आत काही नसतंच, असं धरून चालतात.

मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, तसंच आलेलं. ताप, उलटी, पुरळ. ती बारीक अक्षरं माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. पण तिने काढलं होतं, मी स्वतः विचारलं होतं. मग उगाच तोंड कशाला उघडायचं? आणि उघडलं तर आईंसमोर काय सांगायचं? तुमच्या कुमारी मुलीला मी अमेरिकेहून आणलेलं काहीतरी आत घालायला शिकवलं? सुनेने असं केलं हे खडकीभर व्हायला एक दुपार पुरली असती. मला भीती वाटली. दीक्षाची नाही, माझी. मी गप्प बसले.

शुक्रवारी सकाळी तिचा रक्तदाब लागेना. दोन्ही हातांना सलाइन, ओठ फुटलेले. आम्ही तिघं कॉटभोवती होतो, सौरभ कामासाठी चेन्नईत होता, त्याला विमान दुसऱ्या दिवशीचं मिळालं होतं. ती बडबडायला लागली. "बाबा... काडतूस..."

बाबा वाकले. "बोल बेटा."

"दोन भरली, बाबा. एकच निघालं. एक आतच..."

बाबा नर्सकडे बघून ओशाळं हसले. "माझ्या कामाचं बडबडतेय. आमच्याकडे चाचणीला फायरिंग करतात ना. एखादं नाही उडालं तर आत अडकलेलं असतं. ते काढल्याशिवाय कोणी जागचं हलत नाही, असा नियम आहे. लहानपणी हिला सांगायचो मी." आणि ते तिच्या कपाळावरून हात फिरवत म्हणाले, "निघेल हं, काढू आपण."

दोन. डोळा मारून म्हणाली होती, दोन. पाण्याबाहेर तीन-चार तास काढायचे, मोठी शर्यत, सगळ्या तलावाचे डोळे, आणि लहानपणापासूनची सवय. एकावर एक. पहिल्याला दुसऱ्याने वर ढकललं, दोरीसकट. तिने एक दोरी ओढली, एक आलं; दुसरं पाण्यात गळून गेलं, असंच तिला वाटलं असणार. दुसरं आहे की नाही तेसुद्धा कळत नाही, हे तिनेच तर मला उड्या मारत सांगितलं होतं.

मी पॅसेजमध्ये धावले आणि डॉक्टरबाईंना हाताला धरून आणलं. आई, बाबा, नर्स, शेजारच्या कॉटवरच्या म्हातारीची सून, सगळ्यांसमोर सांगितलं. टॅम्पॉन काय असतं ते, मी दिलं ते, एक आत राहिलं ते. सांगायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. गुरुवारी सकाळीही तेवढीच लागली असती.

"एवढ्या शिकलेल्या तुम्ही," बाई म्हणाल्या, "काल सांगायला काय झालं होतं?"

"काल तुम्ही फक्त लग्न झालंय का ते विचारलंत," मी म्हटलं. उद्धटपणे म्हटलं. मला कोणावर तरी ओरडायचं होतं आणि स्वतःवर ओरडता येत नव्हतं.

बाई कागद पुढे करून म्हणाल्या, "अनमॅरिड आहे. आतून तपासायचं तर पालकांची सही लागेल."

आई पलंगासमोर आडव्या उभ्या राहिल्या, हात पसरून. "आतून नाही. अहो, तिचं लग्न व्हायचंय. उद्या कोणी विचारलं तर काय सांगू मी? दुसरं काही औषध द्या." त्या वेड्या नव्हत्या. छप्पन साली सोडलेल्या सगळ्या गोष्टी त्यांनी खरंच सोडल्या होत्या. ही एक सोडायची आहे हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. बाबा स्टुलावर बसले. मी सांगितलेलं त्यांच्या डोक्यात शिरायला वेळ लागला असावा. भिंतीवरच्या घड्याळात वीस मिनिटं गेली, मी पाहत होते. मग ते उठले आणि त्यांनी आईंचे हात हळूच खाली केले.

"एक आत राहिलंय, नंदा," ते म्हणाले. "आत ठेवून हलायचं नसतं." आणि सही केली.

पडदा ओढला. थोड्या वेळाने नर्सने खिडकी उघडली, वास बाहेरपर्यंत आला होता. डॉक्टरबाई हातमोजे काढत आल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदा उतरला होता. "दोन घातली होती हिने. दोन घालायला हिला सांगितलं तरी कोणी?"

आई बाकावर बसल्या आणि पदर तोंडात कोंबला.

तिथून तिला मोठ्या इस्पितळात हलवलं. विष सगळ्या अंगात पसरलं होतं. शनिवारी दुपारी, सौरभ विमानतळावरून थेट आला त्यानंतर तासाभराने, ती गेली. घरी आणलं तेव्हा दारात पहिल्या बाईने विचारलं, काय झालं हो एकाएकी? आणि आई म्हणाल्या, "डेंग्यू." मी खाली मान घातली. मला वाटलं, मी वाचले. हे वाटलं याची मला अजून लाज वाटते.

त्यानंतर आई माझ्याशी बोलल्या नाहीत. रागावल्या नाहीत, टाकून बोलल्या नाहीत, काहीच नाही. ताट वाढायच्या आणि निघून जायच्या. मी सकाळी बसला निघाले की दारात येत नव्हत्या.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर माणसांनी भरलं. वंदना झाली, दीक्षाच्या फोटोपुढे मेणबत्त्या लावल्या, लोक चहा घेत डासांबद्दल बोलत होते. तिच्या तलावावरच्या मुली आल्या होत्या. त्यातली भाग्यश्री, सोळा-सतरा वर्षांची, स्वयंपाकघरात माझ्या मागे मागे आली. बराच वेळ ओट्याशी चुळबुळत राहिली.

"वहिनी, दीक्षाताईने मला सांगितलं होतं. तुमच्याकडे ते असतं म्हणाली, पोहताना वापरायचं." तिने आवाज आणखी खाली आणला. "पुढच्या महिन्यात माझी चाचणी आहे. आणि माझी तारीख पण..."

संपलं, असं म्हणायला मी तोंड उघडलं. डबडं फेकलेलं नव्हतं, अजून स्वेटरच्या खालीच होतं. पण संपलं म्हटलं की झालं. मुलगी जाईल, विषय जाईल, डेंग्यू तसाच राहील.

आई रिकाम्या कपांचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. त्यांनी ट्रे ओट्यावर ठेवला आणि आठ दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"आहे?"

मी मान हलवली.

"आण. त्यातला कागद पण आण."

मी आणलं. आईंनी दार लोटून घेतलं. डब्यातलं एक काढून तळहातावर ठेवलं आणि बघत राहिल्या. ती वस्तू त्या पहिल्यांदाच पाहत होत्या. करंगळीएवढी. वरचा कागद त्यांनी फाडला, दोरी बोटाभोवती गुंडाळली, पुन्हा सोडवली. बाहेर कोणीतरी म्हणत होतं की धूर फवारायची गाडी महिनाभर आली नाही.

"हे घे," उरलेलं डबडं पुढे करत त्यांनी भाग्यश्रीला सांगितलं. "पण एका वेळी एकच. दोन कधी नाही. कोणी सांगितलं तरी नाही." त्यांनी डबडं तिच्या हातात नीट दाबून ठेवलं. "आईने सांगितलं तरी नाही."

मग कागद माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "वाच. मराठीत सांग हिला. ते खालचं बारीक आहे ना, तिथून वाच."

मी वाचायला लागले.